एन्झाइमचं कॉन्सन्ट्रेशन आणि रिअ‍ॅक्शनचा वेग: बटाटा-पेरॉक्साइडचा प्रयोग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एन्झाइम (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारं प्रथिन) जास्त घातलं की रिअ‍ॅक्शन जोरात होते, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण तेच प्रयोगशाळेत करून दाखवायची वेळ आली की गडबड सुरू होते, म्हणजे बुडबुडे येतात, फेस येतो, आकडेही मिळतात, आणि ग्राफ काढला की तो भलतीकडेच जातो. मग वहीत "प्रायोगिक त्रुटी" असं लिहून विषय मिटवला जातो. ते मला अजिबात पटत नाही, कारण या प्रयोगात ग्राफ बिघडायची कारणं मोजकीच आहेत आणि त्यातली बहुतेक आधीच टाळता येतात. मी हा प्रयोग केलाय आणि नंतर बऱ्याच मुलांना तो करताना शेजारी उभं राहून बघितलंय, त्यामुळे कुठे अडतं ते माहीत आहे, ते क्रमाने लिहिते.

१. आधी नेमकं काय मोजायचंय ते ठरवा

ही पायरी लोक सोडून देतात आणि पुढचं सगळं त्यामुळेच चुकतं, म्हणून इथे जरा थांबा.

बटाट्यात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन असं विभाजन करतं, दोन रेणू पेरॉक्साइडमागे एक रेणू ऑक्सिजन मिळतो. पेशींना हे लागतं कारण त्यांच्या रोजच्या कारभारात पेरॉक्साइड तयार होत राहतं आणि ते साठलं तर पेशीलाच घातक असतं. (पेरॉक्साइडचा शोध थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये लावला, आणि प्राण्यांच्या ऊतींमुळे ते फसफसतं हेही त्यानेच पाहिलं होतं. कॅटलेज हे नाव मात्र १९०० मध्ये लोव यांनी दिलं.) आपण करायचं एवढंच, की एन्झाइम कमी-जास्त करायचं आणि ऑक्सिजन किती झपाट्याने बाहेर येतो ते मोजायचं.

आता इथला सापळा बघा. खूप जण पाच मिनिटं थांबतात, एकूण किती गॅस जमला ते लिहितात आणि त्यालाच "वेग" म्हणतात. तो वेग नाहीच. एकूण गॅस किती येणार हे पेरॉक्साइडवर ठरतं, एन्झाइमवर नाही. ५ मिली पेरॉक्साइडमधून जेवढा ऑक्सिजन निघणार तेवढाच निघणार, एन्झाइम दुप्पट घातलं तर तो लवकर निघेल एवढंच. म्हणजे पुरेसा वेळ थांबलात तर सगळे आकडे जवळजवळ सारखे यायला लागतात आणि तुम्हाला वाटतं की एन्झाइमचा काही परिणामच नाही! प्रत्यक्षात कमी एन्झाइमवाल्या फ्लास्कमध्ये गॅस त्या टोकापर्यंत पोचेलच असंही नाही, कारण तीव्र पेरॉक्साइड स्वतःच कॅटलेजला हळूहळू निकामी करत असतं, त्यामुळे शेवटच्या आकड्यावर कसलाच भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून मोजायचा तो सुरुवातीचा वेग. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातला, जेव्हा पेरॉक्साइड भरपूर शिल्लक आहे आणि वेग फक्त एन्झाइममुळे अडलाय. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं की पुढची प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप कळत जाईल.

थोडा हिशोब करून ठेवा, तो पुढे लागणार आहे. पेरॉक्साइडच्या बाटलीवर "१० व्हॉल्यूम" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ १ मिली द्रावणातून सुमारे १० मिली ऑक्सिजन निघू शकतो, ते साधारण ३ टक्के द्रावण असतं. आपण ५ मिली घेणार, म्हणजे जास्तीत जास्त ५० मिलीच्या आसपास गॅस. यातला पहिला ५ मिली गॅस येईपर्यंत पेरॉक्साइड फक्त १० टक्के संपलेलं असतं, तोवरचा वेग आपण निर्धास्तपणे "सुरुवातीचा" म्हणू शकतो. त्यानंतर पेरॉक्साइड कमी होत जातं आणि रेषा वाकायला लागते.

२. एन्झाइम कुठून घ्यायचं

पर्याय तीन आहेत. लिव्हरमध्ये कॅटलेज इतकं जास्त असतं की फेसाचा डोंगर येतो आणि घड्याळ बघेपर्यंत सगळं संपतं, दाखवायला छान पण मोजायला वाईट. यीस्ट चालतं, पण ते तळाशी बसतं, त्यामुळे दर वेळी ढवळूनच घ्यावं लागतं नाहीतर पहिल्या सिरिंजमध्ये एक कॉन्सन्ट्रेशन आणि शेवटच्या सिरिंजमध्ये दुसरंच. बटाट्याचा गाळलेला अर्क मला सगळ्यात सोयीचा वाटतो, वेग मोजता येण्याइतका असतो आणि एन्झाइम द्रावणात विरघळलेलं असतं.

बटाट्याचे तुकडे थेट टाकू नका. तुकडे लहान केले की पृष्ठभाग वाढतो आणि मग तुम्ही कॉन्सन्ट्रेशन तपासताय की पृष्ठभाग, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

३. सामान

- ताजा बटाटा, सोलून १०० ग्रॅम
- डिस्टिल्ड वॉटर
- १० व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड, शक्यतो नवीन बाटली, आणि सगळ्या रीडिंगसाठी एकच बाटली
- पीएच ७ चं फॉस्फेट बफर (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर ठेवणारं द्रावण)
- मिक्सर किंवा खलबत्ता, मलमलचं कापड, गाळणी
- बर्फ
- १०० मिलीचा कोनिकल फ्लास्क, दोन भोकांचं रबरी बूच, डिलिव्हरी ट्यूब
- ५ आणि १० मिलीच्या सिरिंज, अर्थात सुया नकोत
- ५० मिलीचं ब्युरेट (तोटी आणि मापाच्या खुणा असलेली काचेची लांब नळी) आणि पाण्याचा टब (गॅस सिरिंज असेल तर उत्तमच)
- स्टँड-क्लॅम्प, मोठं बीकर, थर्मामीटर, स्टॉपवॉच
- चष्मा, हातमोजे, लेबलं, मार्कर

बफर कशाला, पाणी चालेल की, असं खूप जण विचारतात. अर्कात बटाट्याची स्वतःची आम्लं असतात, आणि पेरॉक्साइड टिकावं म्हणून त्यातही बऱ्याचदा थोडं आम्ल घातलेलं असतं. तुम्ही अर्क साध्या पाण्याने पातळ करत गेलात तर एन्झाइमबरोबर पीएचही सरकत जातो, एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की निष्कर्षाला अर्थ राहत नाही. बफर खरंच मिळत नसेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा, पण ते वहीत मर्यादा म्हणून नोंदवा. नळाचं पाणी नको, त्यातल्या लोह-तांब्याच्या अंशानेही पेरॉक्साइड फुटू शकतं. याच कारणाने काचसामान नीट धुवून शेवटी डिस्टिल्ड वॉटरने विसळा.

४. सुरक्षितता, थोडक्यात पण मनावर घ्या

चष्मा आणि हातमोजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पेरॉक्साइड त्वचेवर पडलं तर तिथे पांढरं होतं आणि चुरचुरतं, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डोळ्यात गेलं तर पाण्याने धुत राहून ताबडतोब शिक्षकांना सांगा. ऑक्सिजन तयार होतोय म्हणजे दाब तयार होतोय, त्यामुळे गॅसला बाहेर जायला वाट नसताना फ्लास्क कधीही बंद करायचा नाही. आणि उरलेलं पेरॉक्साइड परत बाटलीत ओतायचं नाही, त्यात अर्काचा एक थेंब जरी गेला तरी बंद बाटलीत गॅस साठत राहतो. उरलेलं भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडा.

५. अर्क तयार करणं

१०० ग्रॅम बटाट्याचे तुकडे आणि १०० मिली थंड डिस्टिल्ड वॉटर मिक्सरमध्ये अर्धा-एक मिनिट फिरवा. जास्त वेळ फिरवलं तर मिश्रण गरम होतं आणि फेसही फार होतो. कापडातून गाळून बीकरमध्ये घ्या, बीकर बर्फात ठेवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. तळाला पांढरा स्टार्च बसेल, आपल्याला वरचं पाणी हवंय, ते हळूच दुसऱ्या बीकरमध्ये काढून घ्या.

अर्क बघता बघता तपकिरी व्हायला लागतो, घाबरू नका, ते पॉलीफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या दुसऱ्याच एन्झाइमचं काम आहे. पण अर्क म्हातारा होतोय याची ती खूण मात्र आहे. बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर वापरून टाका. दुसऱ्या दिवशी नवीन बटाट्याचा अर्क करून जुन्या आकड्यांना जोडायचा विचारही करू नका, दोन बटाट्यांत कॅटलेज सारखं नसतं. पुरेसा अर्क एकदाच करा, वर्गात चार गट असतील तर चौघांना मिळून एकाच भांड्यातला.

६. वेगवेगळी कॉन्सन्ट्रेशन बनवणं

मूळ अर्काला १०० टक्के धरा. प्रत्येक वेळी एकूण ५ मिली व्हायला हवं:

- १०० टक्के: अर्क ५ मिली, बफर ०
- ८० टक्के: अर्क ४, बफर १
- ६० टक्के: अर्क ३, बफर २
- ४० टक्के: अर्क २, बफर ३
- २० टक्के: अर्क १, बफर ४
- ० टक्के: अर्क ०, बफर ५

"नुसता अर्कच कमी-जास्त घातला तर काय बिघडलं, बफर कशाला मिसळायचं?" बिघडतं असं, की १ मिली अर्क घातला तर एकूण द्रव ६ मिली होतो आणि ५ मिली घातला तर १० मिली, म्हणजे पेरॉक्साइडचं कॉन्सन्ट्रेशनही प्रत्येक वेळी वेगळं. एकूण आकारमान कायम ठेवलं की पेरॉक्साइड सगळीकडे सारखंच पातळ होतं.

प्रत्येकाचं एकाच वेळेपुरतं बनवू नका, तीन-तीन वेळा लागणार आहे, त्यामुळे चौपट प्रमाणात बनवून लेबल लावून बर्फात ठेवा. आणि हे टक्के सापेक्ष आहेत हे वहीत स्पष्ट लिहा, अर्कात खरं कॅटलेज किती मिलिग्रॅम आहे ते आपल्याला माहीत नसतं.

७. जोडणी

फ्लास्कला दोन भोकांचं बूच, एका भोकात सिरिंज, दुसऱ्यातून डिलिव्हरी ट्यूब निघून टबातल्या पाण्यात उलट्या धरलेल्या ब्युरेटच्या तोंडाखाली.

ब्युरेट उलटं करताना लोक गोंधळतात, म्हणून सांगते. उलटं केल्यावर तोटी वर येते आणि ५० ची खूण वरच्या बाजूला जाते. तोटी आणि ५० ची खूण यांच्या मधल्या भागात आकडेच नसतात, तिथे पाणी असेल तर तिथला गॅस मोजताच येणार नाही. म्हणून तोटी किंचित उघडून थोडी हवा आत घ्या, पाण्याची पातळी ५० च्या जरा खाली, समजा ४८ वर आणा आणि तोटी घट्ट बंद करा. गॅस आला की पातळी खाली उतरेल आणि आकडा कमी होत जाईल: ४८ वरून ४५ झालं म्हणजे ३ मिली गॅस. ब्युरेटवर ०.१ मिलीपर्यंत वाचता येतं हा त्याचा मोठा फायदा. मोठ्या मेजरिंग सिलिंडरवर एकेका मिलीच्या खुणा असतात, त्यात २० टक्केवाल्या अर्काचा जेमतेम एक-दीड मिली गॅस वाचायचा म्हणजे अंदाजपंचे.

गळती तपासा. मोकळ्या फ्लास्कला बूच लावून सिरिंजमधून ५ मिली हवा आत ढकला, पातळी ५ मिलीने उतरून तिथेच थांबायला हवी. हळूहळू आणखी खाली सरकत राहिली किंवा पुरती उतरलीच नाही तर कुठेतरी फट आहे. बूच ओलं करून घट्ट बसवा, नळ्यांचे सांधे बघा.

या जोडणीत दोन गोष्टी आहेत ज्यांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

पहिली: तुम्ही सिरिंजने ५ मिली द्रव आत ढकलता तेव्हा तेवढीच हवा फ्लास्कमधून बाहेर पडते आणि ब्युरेटमध्ये जाते. म्हणजे रिअ‍ॅक्शन झालीच नाही तरी ५ मिली "गॅस" दिसणार! हे वजा केलं नाही तर २० टक्केवाल्याचा आकडा खऱ्यापेक्षा कितीतरी पट फुगतो, आणि ग्राफ शून्यातून जायच्या ऐवजी वरून कुठून तरी सुरू होतो. सिरिंज पूर्ण दाबून झाल्यावरचं रीडिंग शून्य सेकंद धरा आणि पुढचं सगळं त्यातून मोजा.

दुसरी: फ्लास्क हातात धरू नका. आत १०० मिलीच्या आसपास हवा असते, हाताच्या उबेने ती ३ अंशांनी तापली तरी सुमारे १ टक्का फुगते, म्हणजे १ मिली. आपण मोजतोय तोच मुळात ४-५ मिली गॅस. फ्लास्क क्लॅम्पमध्ये धरा आणि मोठ्या बीकरमधल्या पाण्यात बुडवून ठेवा.

ते पाणी साधारण २५ अंश सेल्सिअसला ठेवा. पेरॉक्साइड फुटताना उष्णता बाहेर पडते, आपल्या प्रमाणात सगळं पेरॉक्साइड फुटलं आणि उष्णता आतच राहिली तर द्रव १० अंशांच्या आसपास तापू शकतो, आणि तापला की वेग आणखी वाढतो. भोवतीचं पाणी ही उष्णता बरीचशी ओढून घेतं, शिवाय आपण पहिल्या १० टक्क्यांवरच थांबतोय म्हणून हा प्रश्न अंशभराच्या आत राहतो. सुरुवातीचा वेगच का, याचं हे आणखी एक कारण.

८. आधी एक चाचणी फेरी

थेट खऱ्या रीडिंगला बसू नका. १०० टक्के अर्काने एकदा करून बघा आणि पहिल्या ३० सेकंदांत किती गॅस येतो ते पाहा. ५ मिलीच्या आसपास आला तर झकास. १५-२० मिली आला तर अर्क फार जोरदार आहे, तो बफरने तिप्पट-चौपट पातळ करा आणि त्यालाच नवीन १०० टक्के म्हणा. मिलीभरच आला तर अर्क पुन्हा बनवा, कमी पाणी घालून. आणि तरीही काहीच येत नसेल तर पेरॉक्साइडवर संशय घ्या, उन्हात किंवा उघडी राहिलेली बाटली आपोआप मेलेली असते.

या फेरीने अर्धा तास जातो पण पुढचा सगळा दिवस वाचतो.

९. खरी रीडिंग

फ्लास्कमध्ये ५ मिली पेरॉक्साइड घ्या. सिरिंजमध्ये ५ मिली पातळ केलेला अर्क भरा, पण बर्फातून काढून सरळ वापरू नका. त्या वेळेपुरता लागणारा अर्क पाच मिनिटं २५ अंशांच्या पाण्यात ठेवून मग भरा, पेरॉक्साइडही तसंच. बूच लावा, ब्युरेटची पातळी स्थिर झाली का बघा.

एका दमात सिरिंज दाबा, दाबून झाल्याक्षणी स्टॉपवॉच सुरू, त्याच क्षणाचं रीडिंग शून्याचं. मग दर १० सेकंदांनी रीडिंग, दोन मिनिटांपर्यंत. हे एकट्याचं काम नाही, एकाने सिरिंज आणि फ्लास्क, दुसऱ्याने आकडे मोठ्याने वाचायचे, तिसऱ्याने लिहायचे. आणि ज्याने जे काम घेतलं ते शेवटपर्यंत त्यानेच करायचं, सिरिंज दाबायचा प्रत्येकाचा झपाटा वेगळा असतो.

फ्लास्क हलवायचा तर प्रत्येक वेळी सारखाच, उदाहरणार्थ स्टँडसकट दर १० सेकंदांनी एक हलकी गिरकी. ऑक्सिजन पाण्यात थोडा विरघळून राहतो आणि न हलवलेल्या फ्लास्कमध्ये बुडबुडे काचेला चिकटून बसतात, मग गॅस तयार झालाय पण मोजला जात नाही. पहिल्या काही सेकंदांत गॅस उशिरा येतो तो यामुळेच.

आता क्रम. १००, ८०, ६०, ४०, २० असं ओळीने केलं तर २० टक्क्यांची पाळी येईपर्यंत अर्क तासभर जुना झालेला असतो, म्हणजे त्याचा वेग कमी दिसेल तो पातळ असल्यामुळे की शिळा असल्यामुळे? कळायला मार्गच नाही. त्यापेक्षा पहिल्या फेरीत पाचही कॉन्सन्ट्रेशन चिठ्ठ्या टाकून एकेकदा करा, मग दुसरी फेरी वेगळ्या क्रमाने, मग तिसरी. सगळ्यात शेवटी १०० टक्के पुन्हा एकदा करा. तो आकडा पहिल्यासारखाच आला तर अर्क टिकला असं छातीठोकपणे लिहिता येतं.

दोन रीडिंगच्या मध्ये फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरने विसळा आणि कोरडा करा. आत राहिलेला अर्काचा थेंब पुढचं पेरॉक्साइड आधीच फोडायला लागतो.

१०. कंट्रोल दोन हवेत

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी केलेली फेरी, जिच्यात रिअ‍ॅक्शन होऊच नये. एक, ० टक्के, म्हणजे नुसतं बफर. शून्याच्या रीडिंगनंतर पातळी हलायला नको. दुसरा, १० मिनिटं उकळून थंड केलेला १०० टक्के अर्क. यातही गॅस यायला नको, कारण उष्णतेने प्रथिनाची घडण मोडते. दुसरा कंट्रोल बहुतेक जण टाळतात, पण बटाट्यातलं दुसरं काहीतरी पेरॉक्साइड फोडतंय का, या शंकेला उत्तर फक्त त्यानेच मिळतं.

११. वेग कसा काढायचा

प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनसाठी एक्स अक्षावर वेळ आणि वाय अक्षावर गॅस असा ग्राफ काढा, पाचही रेषा एकाच कागदावर, लांबूनच कळेल कोणती जास्त उभी आहे ते. मग प्रत्येकीचा सुरुवातीचा सरळ भाग शोधा आणि त्याचा उतार काढा.

समजा १०० टक्क्यांना पहिल्या ३० सेकंदांत ४.८ मिली गॅस आला, तर वेग ०.१६ मिली प्रति सेकंद. २० टक्क्यांना तेवढ्याच वेळात एक मिलीही येणार नाही, पण त्याची रेषा दोन मिनिटं सरळच राहते, कारण पेरॉक्साइड फारसं संपलेलंच नसतं. मग १२० सेकंदांचा भाग घ्या: ३.८४ मिली, म्हणजे ०.०३२ मिली प्रति सेकंद. वेळ वेगवेगळा घेतला तर अन्याय होत नाही का? नाही, उतार सरळ भागाचाच आहे ना, मग भाग जितका लांब तितकी वाचनातली चूक कमी. सगळ्यांना सक्तीने १० सेकंदच घेतले तर पातळ अर्काच्या आकड्यात चूकच मुख्य होऊन बसते.

पहिले दोन-चार सेकंद रेषा सपाट असेल तर तो भाग सोडून त्यानंतरचा उतार घ्या, आणि तसं लिहा.

तीन फेऱ्यांची सरासरी काढा. एखादा आकडा फारच वेगळा असेल तर तो गुपचूप खोडू नका, वहीत ठेवा, कारण सापडलं तर लिहा (बूच सैल होतं, सिरिंज अडकली), आणि ते रीडिंग पुन्हा घ्या.

१२. शेवटचा ग्राफ, आणि तो वाकला तर

एक्स अक्षावर अर्काची सापेक्ष तीव्रता, वाय अक्षावर सुरुवातीचा वेग. पेरॉक्साइड भरपूर असेल तर शून्यातून जाणारी सरळ रेषा यायला हवी: एन्झाइम दुप्पट, वेग दुप्पट. कारण साधं आहे, प्रत्येक एन्झाइम रेणू आपापल्या गतीने काम करतो, रेणू दुप्पट झाले की काम दुप्पट.

वरच्या टोकाला रेषा वाकली तर उत्तरात काय लिहायचं, इथे सगळ्यात जास्त मार्क जातात. मुलं हमखास लिहितात "अ‍ॅक्टिव्ह साइट (एन्झाइमवरच्या, रिअ‍ॅक्शन घडते त्या जागा) भरून गेल्या". ते कारण सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, इथे पेरॉक्साइड) वाढवत नेण्याच्या प्रयोगाचं आहे, तिथे एन्झाइम ठरावीक असतं आणि सबस्ट्रेट वाढत जातं. इथे उलट आहे, आपण अ‍ॅक्टिव्ह साइटच वाढवत चाललोय. रेषा वाकली तर साइट रिकाम्या आहेत आणि त्यांना पुरेल इतकं पेरॉक्साइड नाही. दोन प्रयोगांचे ग्राफ दिसायला सारखे असतात म्हणून घोटाळा होतो.

दुसरी शक्यता मोजण्याच्या पद्धतीतली: गॅस इतका जोरात तयार होतोय की तो द्रवातून सुटायला आणि नळीतून जायलाच वेळ लागतोय, किंवा तुम्ही घेतलेल्या वेळेत पेरॉक्साइड १० टक्क्यांहून बरंच जास्त संपलंय. कोणतं कारण ते तपासता येतं. १०० टक्क्यांच्या ग्राफमधला आणखी लहान, अगदी सुरुवातीचा तुकडा घेऊन उतार पुन्हा काढा, तो वाढला आणि बिंदू रेषेवर आला तर तुम्ही आधी फार लांबचा भाग घेतला होता. रेषा शून्यातून न जाता वर अडकली असेल तर ते ५ मिली हवेचं प्रकरण आठवा.

१३. वहीत लिहिताना

बदललेली गोष्ट: अर्काची तीव्रता. मोजलेली: ऑक्सिजनच्या आकारमानावरून सुरुवातीचा वेग. कायम ठेवलेल्या: तापमान, पीएच, पेरॉक्साइडचं प्रमाण आणि तीव्रता, एकूण आकारमान, हलवण्याची पद्धत. नुसती यादी देऊ नका, प्रत्येक गोष्ट कशी कायम ठेवली तेही लिहा, "तापमान कायम ठेवलं" याला अर्थ नाही, "फ्लास्क २५ अंशांच्या पाण्यात ठेवला आणि दर रीडिंगआधी थर्मामीटर पाहिला" याला आहे. तक्त्यात एकक वरच्या शीर्षकात एकदाच, आणि सगळे आकडे सारख्याच दशांशापर्यंत.

१४. गॅस मोजायची सोयच नसेल तर

पंच मशिनने फिल्टर पेपरच्या सारख्या गोल चकत्या पाडा. चिमट्याने एक चकती अर्कात बुडवा, जास्तीचं पाणी टिपा आणि पेरॉक्साइडने भरलेल्या परीक्षानळीच्या तळाशी सोडा. चकतीवर ऑक्सिजनचे बुडबुडे जमतात आणि ती वर तरंगत येते. तळापासून वर यायला लागलेला वेळ मोजा, १ भागिले वेळ हा वेगाचा अंदाज. परीक्षानळीतली द्रवाची उंची सगळीकडे सारखी ठेवा, चकती प्रत्येक वेळी तितकाच वेळ बुडवा आणि तितकीच टिपा, आणि प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला किमान पाच चकत्या करा कारण या पद्धतीत आकडे बरेच इकडेतिकडे होतात. पेरॉक्साइड इथे चकतीच्या मानाने इतकं जास्त असतं की ते संपायचा प्रश्न येत नाही. फक्त ० टक्क्यांची चकती वर येणारच नाही, तिथे वेळेच्या रकान्यात शून्य लिहू नका, "वर आली नाही" असं लिहा आणि वेगाच्या रकान्यात शून्य.